बावीस एकर आणि पितळेचं पातेलं

आधीच सांगून टाकतो, मी खोटं बोलत नाही. मी वाढवून सांगतो. आमच्या देवळाली प्रवरेत हे लहानथोर सगळ्यांना ठाऊक आहे. चौकात मी नुसतं "काल उसात साप निघाला" म्हणालो, तर समोरचा आधी विचारतो, "सापापासनं सुरुवात करताय का अजगरापासनं?" माझं लग्न झालं तेव्हा पंगतीला दोन हजार पानं उठली होती. खरं तर तीनशेच उठली, पण इतकी वर्षं सांगून सांगून त्या पानांची मलाच सवय झाली आहे. म्हणून हा अनुभव लिहायला घेतला तेव्हा आमच्या मंडळींनी, म्हणजे बायकोने, फोनवरून तंबी दिली, "अहो, देवाचं लिवताय. हात आखडून लिवा." तेव्हा हात आखडला आहे. यातलं काही ताणलेलं वाटलं तर ते घडलेलंच तसं होतं असं समजावं.

आमची पोरगी मनीषा कॅनडात असते. जावईबापू तिकडे गोदामात नोकरीला, पाळी कधी दिवसाची कधी रात्रीची. गेल्या साली तिचं पहिलं गरोदरपण पाचव्या महिन्यात मोडलं. तेव्हा फोनवर ती नुसती श्वास घेत राहिली, आणि आमची ही चुलीपुढे फोन कानाला लावून तासभर तो श्वास ऐकत बसली. यंदा पुन्हा दिवस राहिले. सहाव्या महिन्यात डॉक्टरांनी सांगितलं, पडून राहायचं, जिना चढायचा नाही, जड उचलायचं नाही. पोरीने मागितलं एवढंच, "आईला पाठवा." मी छाती पुढे काढून म्हणालो, "पाठवतो म्हणजे? आठ दिवसांत विमानात बसवतो." विमान म्हणजे काय राहुरीची एस. टी. होती, हात केला की थांबायला!

नगरला एक एजंट होता. अहिल्यानगर म्हणायचं आता, पण जिभेला अजून वळण पडत नाही. त्याच्या ऑफिसात छताला प्लास्टिकचं विमान टांगलेलं आणि भिंतीवर 'व्हिसाची हमी' असं लाल अक्षरात लिहिलेलं. माणूस बोलायला एवढा गोड, की बोलता बोलता त्याच्या टेबलाला मुंग्या लागतील असं वाटावं. त्याने विचारलं, "काका, शेती किती?" आता शेती किती या प्रश्नाला खरं उत्तर द्यायची मला सवयच नाही. तीन एकर ऊस आणि एक म्हैस. पण माझ्या तोंडून आपसूक निघालं, "असंल बावीसएक." त्याने बावीस लिहिलं. मी म्हणालो, "दोन ट्रॅक्टर." त्याने दोन ट्रॅक्टर लिहिले. आयुष्यात पहिल्यांदाच माझं बोलणं कुणी न हसता, न टोकता कागदावर उतरवून घेत होतं. मला भरून आलं. शेजारी ही बसली होती. तिने पदराआडून माझ्या गुडघ्याला चिमटा काढला. मी ट्रॅक्टरवर थांबलो, नाहीतर साखर कारखानाही लिहून झाला असता. एजंटाने शेवटचं पान पुढे सरकवलं, तिने सही केली. सही तिची होती. बावीस एकर माझे होते. हा फरक त्या दिवशी मला कळला नाही.

आता नावाचं सांगायला हवं, कारण सगळं त्यातच अडकलं. हिचं माहेर पारनेर तालुक्यात. माहेरचं नाव हौसा. आमच्याकडे लग्नात नवऱ्या मुलाने तांदळाच्या ताटात अंगठीने बायकोचं नवं नाव लिहायचं असतं. लोक शोभा, मंगल, सुनीता अशी बेताची नावं लिहितात. मी ताटात लिहिलं 'राजलक्ष्मी'. अक्षरं ताटात मावेनात, शेवटची दोन काठावर चढली. मांडवातले हसले. सासरे भिकाजीबाबा हसले नाहीत. तेव्हापासून ती राजलक्ष्मी. रेशन कार्डावर, आधारवर, मतदार यादीत, आणि अलीकडे पासपोर्टवर. पण पहिलं बाळंतपण माहेरी करायचा रिवाज. मनीषा तिकडेच झाली, आणि जन्माची नोंद करायला ग्रामपंचायतीत गेले भिकाजीबाबा. आईचं नाव विचारलं तर त्यांनी सांगितलं, हौसाबाई. बापाला पोरीचं दुसरं नाव कुठून आठवणार? जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा सरकारने गॅझेट काढलं. मी बायकोचं नाव बदललं तेव्हा काही म्हणजे काही काढलं नाही, नुसते तांदूळ पसरले, आणि ते नंतर कोंबड्यांनी खाल्ले.

एका मंगळवारी एजंटाचा फोन आला. कॅनडाच्या व्हिसा ऑफिसातून पत्र आलंय. पत्र इंग्रजीत होतं, ते मनीषाने फोनवर मराठीत वाचून दाखवलं. वाचताना तिचा आवाज एकेका ओळीला बारीक होत गेला. पत्रात दोन गोष्टी विचारल्या होत्या. अर्जदार बाई म्हणते मी मुलीची आई, पण मुलीच्या जन्मदाखल्यात आई हौसाबाई नावाची दुसरीच कुणी आहे, ती कोण? आणि अर्जात जमीन बावीस एकर, पण सोबत जोडलेल्या सातबाऱ्यावर तीनच दिसते, ते कसं? पंधरा दिवसांत उत्तर द्या. माहिती खोटी ठरली तर अर्जदाराला पाच वर्षं कॅनडात येता येणार नाही.

"पंधरा दिवस हायेत की," मी म्हणालो.

"बापू, पत्र येऊन सहा दिवस झालेत," मनीषा म्हणाली. "अर्जावर ईमेल त्या माणसाने स्वतःचा दिला होता. त्याने आज उघडलं."

पाच वर्षं. पोरगी तिकडे पलंगावर पडून, आणि आई इकडे पाच वर्षं दारातल्या आंब्याखाली बसून. बंदी माझ्यावर येती तर मी ती गावभर मिरवली असती. कॅनडा मला घाबरतो म्हणून सांगितलं असतं. पण बंदी येणार होती सही करणारीवर.  ही उठली, म्हशीला आंबोण ठेवायला गोठ्यात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.  

बुधवारी मी एजंटाकडे गेलो. आरडाओरडा करायचाच असं ठरवून गेलो होतो. त्याने चहा मागवला आणि म्हणाला, "काका, एवढंच ना? जन्मदाखला नवा करू. आईचं नाव राजलक्ष्मी. जुन्या तारखेचा शिक्का मारायला आहे आपल्याकडे माणूस. आणि सातबाराही बावीसचा करू. तुम्ही फक्त उद्या दुपारपर्यंत मूळ कागद आणून द्या." खरं सांगतो, मला हायसं वाटलं. स्वतःपेक्षा मोठा थापाड्या भेटला की मला घरचं माणूस भेटल्यासारखं होतं. मी हो म्हणून आलो. घरी हिला सांगितलं तेव्हा ती एवढंच बोलली, "म्हंजी हौसा कुनी नव्हतीच, असं लिवनार?" मी म्हणालो, "अगं, कागदापुरतं." ती म्हणाली, "कागदापुरतंच तर समदं चाललंय." आणि पीठ मळायला लागली.

गुरुवार उजाडला. प्रवरेच्या काठी औदुंबराखाली दत्ताच्या पादुका आहेत, तिथे मी वर्षानुवर्षं दर गुरुवारी जातो. भक्ती म्हणाल तर माझी भक्तीही तशीच. देवाजवळही मी मोठमोठ्या गोष्टी बोलतो. त्या पत्राच्या दिवशी मी नवस बोललो होतो, 'हिला सुखरूप पोहोचव, सव्वा मणाची घंटा बांधीन.' राहुरीच्या भांड्यांच्या दुकानात जाईपर्यंत ती घंटा सव्वा किलोची झाली होती, आणि दुकानदाराने दर सांगितल्यावर पेरूएवढी. तरी घेतली. कामाआधीच घंटी घेऊन, नाव घालून देवाला खूश करून टाकावं, मग निर्धास्तपणे एजंटाकडे जाऊन कागद द्यावेत, असा माझा डाव होता. देवाला लाच देऊन मी खोटा दाखला करायला निघालो होतो. आता लिहिताना कान तापतात, तेव्हा तापले नाहीत. पिशवीत मनीषाचा मूळ जन्मदाखला, हिचा पासपोर्ट आणि ती घंटी घेऊन मी दुकानाबाहेर नाव कोरणाऱ्यापाशी बसलो.

नाव कोरणारा म्हातारा होता. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. सगळीकडे आता यंत्रावर नावं घालतात, हा अजून छिन्नी-हातोडीने टिकटिक करतो. त्याच्या मांडीवर एक पितळी पाटी होती, कोरून कधीच झालेली, आता रिकामपणी कडेला नक्षी ठोकणं चाललं होतं. मी घाई केली. नगरची गाडी साडेअकराला होती.

"लिवा," मी म्हणालो. "अर्पणकर्ते, बागायतदार, माजी संचालक..." संचालक मी कधीच नव्हतो, एकदा उभा राहून सपाटून पडलो होतो, पण घंटीला काय कळतंय! "...व सौभाग्यवती राजलक्ष्मी, समस्त परिवार."

म्हाताऱ्याने घंटी बोटावर फिरवली. "पाव्हनं, घंटी केवढी, नाव केवढं. कुठनं सुरू करू, आन् कुठं संपवू?"

"बारीक लिवा की."

"लिवतो. पन मी कोरल्यालं पुसत न्हाई, आदीच सांगतो. यंत्रावरचं घासलं की जातं. हे माझं माझ्या मागं ऱ्हाईल. तवा खरं आसंल त्येवढंच सांगा." मग हातोडी खाली ठेवून त्याने सहज विचारलं, "मंडळींचं म्हायेरचं नाव काय?"

माझ्या अंगावर काटा आला. दोन दिवस हाच प्रश्न माझ्या मागे लागला होता आणि मी त्याच्यापासून पळत होतो. मी म्हणालो, "कशाला?"

"काय न्हाई. पयले लोक भांड्यावं दोन्ही नावं घालायचे. पोरीचा बाप दिवाळसनाला भांडं घेयाचा आन् मला म्हनायचा, म्हायेरचंबी घाल आन् सासरचंबी. मी इचारायचो, कशाला रं बाबा, जागा जाती. त्यो म्हनायचा, भांडं हरवलं तर कळाया पायजे कुनाचं. भांडं कुठं हरवतं व्हय? त्याला म्हनायचं आसायचं पोरीचं." त्याने पाटी उचलून फुंकर मारली, पितळेचा भुगा उडाला. "तुमच्या घरात न्हाई का आसलं येखादं?"

दिवाळसणाला भिकाजीबाबांनी एक पितळेचं पातेलं दिलं होतं हे मला आठवलं. एवढं मोठं, की त्यात मी बसून आंघोळ केली असती. बरं, हात आखडतो; कळशीभर पाणी मावेल एवढं. ते आता कुठे आहे, हेही आठवलं. गोठ्यात. त्यात ही म्हशीची सरकी पेंड भिजवते.

मी उठायला गेलो तेव्हा त्याच्या हातातली पाटी माझ्यासमोर आली. 'ॲड. सुजाता' आणि पुढे आडनाव. ते इथे देत नाही, तिने देऊ नका म्हटलंय. खाली बारीक अक्षरात, 'पासपोर्ट, व्हिसा, परदेशी कागदपत्रे'. मी ती पाटी तीनदा वाचली. साडेअकराची गाडी माझ्या डोळ्यांदेखत फाट्यावरून वळली आणि निघून गेली. मी हात केला नाही.

"ही बाई कुठं बसती?"

"हितंच, कोर्टाच्या रोडला. पाटी सोमवारी न्यायला येनार हुती, आली न्हाई. पडसं झालंय म्हनं." म्हातारा पुन्हा टिकटिक करू लागला. "घंटीचं काय करू?"

"ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी," मी म्हणालो आणि उलट्या गाडीने घरी आलो.

गोठ्यात जाऊन मी ते पातेलं रिकामं केलं. म्हैस माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी तिचं स्त्रीधन चोरतोय. बाहेरून शेण, आतून पेंडीचा थर, बुडाला इतक्या वर्षांची काजळी. चिंच आणि राख घेऊन मी ओट्यावर घासायला बसलो. ही दारात येऊन उभी राहिली. तिच्या आयुष्यात मी पहिल्यांदाच भांडं घासत होतो. तिला वाटलं, माझ्या डोक्यावर परिणाम झाला. हळूहळू काठाखाली अक्षरं उजळायला लागली. 'चि. सौ. कां. हौसा भिकाजी, सासरचे नाव राजलक्ष्मी, यांस पहिल्या दिवाळीची भेट. वडील.' आणि खाली तिथी, साल. तिने बोट फिरवलं. म्हणाली, "मला वाचता यायचं तवाबी. पन कधी घासलं न्हाई येवढं." मग तिथेच पायरीवर बसली आणि पदर तोंडाला लावला. भिकाजीबाबा मांडवात का हसले नव्हते, ते मला तेव्हा कळलं. त्यांची पोर ताटातल्या तांदळात बुडताना त्यांनी पाहिली होती, आणि काही न बोलता जाऊन पितळेवर लिहून ठेवली होती.

दुपारी आम्ही दोघं पातेलं पिशवीत घालून त्या वकीलबाईंकडे गेलो. एजंटाचे सात फोन येऊन गेले होते. सुजाताताई माझ्या मनीषापेक्षा थोडी मोठी, नाक लाल झालेलं, समोर गरम पाण्याचा गिलास, मागे भिंतीवर बुद्धाची तसबीर. तिने अर्जाची पानं उलटली आणि पहिल्या मिनिटाला माझा अवतार ओळखला.

"काका, बावीस एकर?"

"म्हणजे तसं... थोडं इकडंतिकडं..."

"तिनाचे बावीस म्हणजे थोडं नाही. ट्रॅक्टर?"

"शेजाऱ्याचा हाय," ही म्हणाली. मंगळवारपासून पहिल्यांदाच तिला हसू फुटलं. "तोबी येकच."

मग त्या पोरीने आम्हाला जे समजावलं ते मी जसंच्या तसं लिहितो, कारण आमच्यासारखे पुष्कळ आहेत. ती म्हणाली, "जो हमी देतो त्याच्या दारात उभं राहू नका. व्हिसा द्यायचा की नाही ते तिकडचा अधिकारी ठरवतो. मी नाही, तो एजंट नाही, कुणीच नाही. अर्ज दुसऱ्याने भरला तरी सही तुमची, म्हणजे शब्द तुमचा. न वाचता सही करायची नाही. अर्जावर ईमेल आपला द्यायचा, पत्र आपल्याला यायला हवं. आणि मी इथली वकील आहे. प्रतिज्ञापत्रं, दाखले, भाषांतर हे सगळं मी करून देईन. पण कॅनडाच्या ऑफिसापुढे तुमच्या वतीने पैसे घेऊन बोलायला तिकडचा परवाना लागतो. तो माझ्याकडे नाही, आणि त्या एजंटाकडे तर नाहीच. मुलीला सांगा, तिकडच्या परवानाधारकांची यादी इंटरनेटवर सगळ्यांना बघता येते. त्यात नाव तपासून मगच माणूस धरायचा."

मी जन्मदाखल्याचा विषय काढला. नवा होईल का, असं चाचपून पाहिलं. तिने गिलास खाली ठेवला. "काका, आत्ता तुमच्याकडे दोन नावांची एक खरी बाई आहे. खोटा दाखला जोडलात की एका नावाची खोटी बाई होईल. मग मी काय, देवही काही करू शकणार नाही."

ही म्हणाली, "त्येच म्या म्हनत हुते."

ताईने पातेलं दोन्ही हातांत धरून खिडकीशी नेलं, अक्षरं वाचली, फोटो काढले. म्हणाली, "नुसत्या भांड्याने केस होत नाही. पण सुरुवात याच्यापासून करू." शाळेचा दाखला हौसा नावाचा, तो हिच्या भावाने पारनेरहून घेऊन यायचा. भावाचं प्रतिज्ञापत्र, की हौसा आणि राजलक्ष्मी ही एकच बहीण. लग्नाचा फोटो. ग्रामपंचायतीचं पत्र, की नोंद आजोबांनी केली. गॅझेटचा अर्जही त्याच दिवशी टाकायचा. सरकारी कागदाला उशीर होईल, पण अर्ज केल्याची पावती जोडता येईल. मग ती हिच्याकडे वळली. "काकू, ते एक नेहमीचं विचारतात. गेलात तर परत येणार कशावरून?"

मी तोंड उघडलं. ताईने हात वर केला. "तुम्ही नाही. काकू."

ही पिशवीचे बंद ओढत म्हणाली, "आमची म्हस माज्याशिवाय कुनाला धार काढू देत न्हाई. ह्ये गेलं का लाथ मारती. तीन महिनं भाऊजय येनार हाय, पन तिच्याखाली ती किती दिस दूध देनार? आन् ह्यांना तर च्याबी करता येत न्हाई. मी तिकडं ऱ्हाऊन काय करू? पोर हातीपायी सुटली, बाळाला अंग चोळून उबदार केलं, का माजं काम झालं."

ताईने ते शब्द न शब्द लिहून घेतले. म्हणाली, "बावीस एकरांपेक्षा हे जड आहे."

शेवटची गोष्ट माझ्याकडे होती. जमिनीबद्दलची चूक स्वतःहून, माझ्या हाताने लिहून द्यायची. "याने वाचेल असं मी सांगत नाही," ताई म्हणाली, "कबूल करूनही बंदी येऊ शकते. पण तुमच्याजवळ द्यायला आता खरं सोडून काही राहिलेलं नाही." तो कागद घेऊन मी दुसऱ्या दिवशी सकाळी औदुंबराखाली जाऊन बसलो. हजार गोष्टी मी एका दमात सांगतो. तीन ओळी लिहायला मला दोन तास लागले. 'माझ्याकडे तीन एकर जमीन आहे. बावीस मी सांगितली. माझ्या पत्नीने मला अडवलं होतं, मी ऐकलं नाही.' एवढं लिहून कागदाची घडी घातली. पादुकांवर एक पिकलेलं उंबर पडलेलं होतं. मी काही मागितलं नाही. नवस नाही, घंटी नाही, काही नाही. म्हणालो, महाराज, एवढाच आहे मी. मोजून घ्या. त्या क्षणी काही उजेड पडला नाही, आवाज झाला नाही. नदीपलीकडे कुणाची तरी पाण्याची मोटार सुरू झाली, एवढंच.

मनीषाने तिकडे यादीत नाव तपासून एक परवानाधारक वकील धरला. मुदत संपायला एक दिवस असताना उत्तर गेलं. आणि मग सुरू झालं वाट बघणं. त्या दिवसांबद्दल काय सांगू? फोन वाजला की मी उचलायच्या आधी हिच्याकडे बघायचो, ती माझ्याकडे. मनीषाला एकदा दवाखान्यात दोन दिवस ठेवून घेतलं. त्या दोन दिवसांत मी चौकात गेलो नाही. लोकांना वाटलं मी गेलो. ही रोज सकाळी पातेलं घासायची. त्यात पेंड भिजवणं तिने बंद केलं होतं. मी मनात रोज पाच वर्षं मोजायचो. बाळ पाच वर्षांचं होईल, धावायला लागेल, शाळेत जाईल, आणि आजीला फोनवरच ओळखेल. माझ्या तोंडच्या एका आकड्यापायी.

एका सकाळी मनीषाचा फोन आला. ती बोलेना, नुसता श्वास. हिने फोन घट्ट धरला, तिचा चेहरा पांढरा झाला. मग पलीकडून आवाज आला, "आई, स्वेटर घे. इकडं लई थंडी आहे."

व्हिसा मिळाला होता. का मिळाला, कुणाच्या पुण्याईने, मी वाद घालत नाही. सुजाताताईला मी गदगदून म्हणालो, "ताई, दत्तानंच तुमच्या पाटीपाशी आणून बसवलं." ती म्हणाली, "काका, आमच्या घरी वंदना बुद्धाची असते, दत्ताचं मला सांगता येणार नाही. पण पाटी मी सोमवारीच नेणार होते. तापाने उठूच दिलं नाही. नाहीतर तुम्हाला दिसली नसती." एवढं बोलून तिने पुढची फाईल उघडली.

हिला विमानात बसवून आल्यावर मी राहुरीला गेलो. मनातून मला पक्कं वाटत होतं, की तो म्हातारा तिथे नसणार. भांडंवाला म्हणणार, कोण म्हातारा? इथे कधी कुणी बसतच नव्हतं. मग मी हात जोडणार, डोळ्यांत पाणी आणणार, आणि आयुष्यभर पुरेल अशी गोष्ट घेऊन गावात येणार. वाटेत मी ती गोष्ट रचूनही ठेवली होती. जाऊन बघतो तर म्हातारा जागच्या जागी, बशीतून चहा पितोय. मला बघून खेकसला, "आरं पाव्हनं, महिना झाला! घंटी मी किती दिस सांभाळायची? नाव काय घालू?" माझी गोष्टच बुडाली. आणि तरी त्या म्हाताऱ्याच्या पाया पडावंसं जितकं मला तेव्हा वाटलं, तितकं तो गायब झाला असता तर वाटलं नसतं. देव येतो तो असाच येत असावा. चष्म्याची काडी दोऱ्याने बांधून. आणि काम झाल्यावरही तिथेच बसून राहतो, आपणच ओळखत नाही.

"हौसा," मी म्हणालो.

"आन् तुमचं?"

"माजं नको. घंटी ल्हान हाय."

घंटी आता औदुंबराला बांधली आहे. वाजते तेव्हा पेरूएवढाच आवाज करते. ही पोहोचली त्याच्या चौथ्या दिवशी मनीषाला मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. तिकडच्या ऑफिसरने विमानतळावर नाव विचारलं तेव्हा हिने दोन्ही नावं सांगितली म्हणे, एका दमात. तो हसून म्हणाला, एक पुरे.

इकडे माझी वेगळीच परीक्षा चालू आहे. हिची भावजय बाराव्या दिवशी तापाने पडली आणि धार माझ्यावर आली. पहिल्या दिवशी म्हशीने मला लाथ मारली ती थेट उसात. बरं, गोठ्याच्या दारापर्यंत. दुसऱ्या दिवशी बादली उडवली. तिसऱ्या दिवशी शेजारची म्हातारी कुंपणावरून म्हणाली, "आरं, तिचं लुगडं घे की आंगावर. मुक्या जनावराला वास पायजे." मी गावात बागायतदार म्हणून मिरवणारा माणूस. चार जणांनी बघितलं तर? इकडेतिकडे बघितलं, आणि मग बघणं सोडून दिलं. हिचं जुनं जांभळं लुगडं वळणीवरून काढलं, डोक्यावरून घेतलं, म्हशीखाली उकिडवा बसलो. म्हैस मान वळवून हुंगत राहिली. मी काही बढाई मारली नाही, काही दटावलं नाही. कपाळ तिच्या पोटाला टेकलं आणि हळूच म्हणालो, "हौसाकडनं आलोय गं."

तिने पाय स्थिर केला. थोड्या वेळाने पान्हा सुटला. मी भिकाजीबाबांचं पातेलं खाली धरलं होतं. ते काठापर्यंत भरलं होतं, हे मी वाढवून सांगत नाही.